मिशनच्या जुन्या शाळेचा इतिहास कसा शोधायचा, सातारा-सांगलीवाल्यांसाठी

आमच्या साताऱ्यात कुठलीही जुनी दगडी इमारत दाखवून विचारा, किती जुनी हो ही, उत्तर एकच, "इंग्रजांच्या काळातली हाय." झालं, विषय संपला, पुढं चहा. आता इंग्रजांचा काळ म्हणजे काय एक दिवस होता का? 1848 ला साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज गेले, मग संस्थान खालसा झालं, तिथून 1947 पर्यंत धरलं तरी जवळजवळ शंभर वर्षं होतात, त्यात ही इमारत नेमकी कुठं बसवायची? आणि मिशनच्या शाळेच्या बाबतीत तर ते उत्तर निम्मं चूकच, कारण सातारा, वाई, सांगली, मिरज इथं ज्यांनी शाळा नि दवाखाने काढले ते मिशनरी बहुतेक इंग्रज नव्हतेच, अमेरिकन होते.

मी अशाच एका इमारतीच्या मागं लागलो होतो. नाव-पत्ता मुद्दाम देत नाही, जागेवरून वाद चालू आहे. मुलींची शाळा, मग बोर्डिंग, मग धान्याचं गोदाम, परत शाळा, आता अर्ध्या भागात क्लास चालतो आणि निवडणुकीला बूथ पडतो. हे सगळं जुळवताना मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी सुरुवात सुरुवातीपासून केली. कुणी बांधली, कधी बांधली, पाटी कुठाय, कोनशिला कुठाय, यातच चार-पाच महिने गेले. माझे वडील मास्तर होते, ते म्हणाले अरे माणसाचा जन्मदाखला शोधत बसण्यापेक्षा त्याचं सर्व्हिस बुक बघ, कुठून कुठं बदली झाली ते कळलं की जन्मतारीख आपोआप सापडते. आणि खरंच तसंच झालं. इमारत ज्या ज्या वेळी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्या त्या वेळी कुठंतरी एक कागद तयार होतो. म्हणून आज तिथं काय चाललंय तिथून सुरू करायचं आणि उलटं मागं जायचं. बूथच्या आधी काय, क्लासच्या आधी काय, गोदामाच्या आधी काय.

तर पहिलं काम, कागदाला हात लावायच्या आधी इमारतीभोवती दोन-तीन फेऱ्या मारा, तेही सकाळी साडेसात-आठला, उन्हाची तिरीप भिंतीवर पडते तेव्हा. तिरप्या उन्हात रंगाखालची जुनी अक्षरं उठून दिसतात. मोबाईलवर फोटो काढा, नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. आपल्याकडच्या शाळांच्या भिंती म्हणजे सरकारी योजनांची रद्दी असते, एकावर एक थर. वरती मतदान केंद्राचा नंबर, त्याखाली पोलिओ डोसचं काहीतरी, त्याखाली कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, नशीब असेल तर देवीचा रोगी कळवा म्हणणारी ओळ. आणि दाराच्या चौकटीजवळ बघायला विसरू नका, डीडीटी फवारणारे लोक तिथं स्टेन्सिलनं तारीख टाकायचे. राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रम 1958 ला सुरू झाला, म्हणजे तसा शिक्का दिसला तर त्या तारखेला ती भिंत, ते दार तिथं होतं एवढं नक्की. याला कुणी पुरावा म्हणत नाही पण मला तरी कोनशिलेपेक्षा याचा भरवसा जास्त वाटतो, कारण कोनशिला कुणीही उचलून दुसऱ्या भिंतीत बसवू शकतं. आमच्या इमारतीत तेच झालं होतं, शिला होती आधीच्या पडलेल्या खोलीची आणि बसवली होती नंतरच्या व्हरांड्यात.

मग कौलं. मंगलोरी कौलं असतील तर एखादं निखळलेलं कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव दाबलेलं असतं. मंगळुरात बासल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 ला निघाला, म्हणजे बासल मिशन लिहिलेलं कौल त्याच्या आधीचं असूच शकत नाही. आपल्याकडं असा माल सहज यायला लागला तो पुणे-मिरज-लोंढा रेल्वे झाल्यावर, म्हणजे 1890 च्या आसपासपासून पुढं. त्याआधी नळीची कौलं, नाहीतर माळवद. पण लगेच उड्या मारू नका, कौलं दहा वेळा बदलतात. कौलावरून छपराचं वय निघतं, भिंतीचं नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं.

भिंतीचं वय बघायचं तर दर्जा बघा, दोन दगडांच्या मधली सांध. पांढरट, नखानं खरवडली तर थोडी भुगा होणारी असेल तर चुना, राखाडी नि कडक असेल तर सिमेंट. चुन्यात मध्येच सिमेंटचा पट्टा दिसला तर ती दुरुस्ती. आणि आपल्या भागात मोठ्या दुरुस्तीचं सगळ्यात हुकमी कारण म्हणजे 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, पहाटेचा. कोयनानगर तर उद्ध्वस्तच झालं, पण सातारा-सांगलीतल्या कितीतरी दगडी भिंतींना तेव्हा तडे गेले. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत गेलेली चीर आणि ती सिमेंटनं बुजवलेली, किंवा समोरासमोरच्या दोन भिंती आवळणारी लोखंडी सळई नि बाहेर तिची चकती किंवा फुली दिसली की आधी भूकंपाची चौकशी करायची. लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटावर उठावाची अक्षरं शोधा, विलायती कंपनीचं नाव असतं किंवा टाटा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद 1912 पासून निघायला लागलं, तेव्हा टाटा लिहिलेली तुळई त्याच्यानंतरची. पाचगणी-महाबळेश्वरकडं असाल तर दगड काळा नसून जांभा असेल, त्यावरून वय ठरवायला जाऊ नका, तो तिथं जमिनीतच मिळतो.

आतमध्ये वापराच्या खुणा बघायच्या. आमच्या मोठ्या हॉलला एका बाजूला हातभर उंचीचा ओटा होता, आम्ही म्हणायचो स्टेज, गॅदरिंगचं. नंतर कळलं ते आठवडाभर शाळा नि रविवारी उपासना असं चालायचं, ओटा उपदेशाचा होता. मिशनच्या बऱ्याच जुन्या शाळांत एकच हॉल दोन्हीला वापरायचे, त्यामुळं ही शाळा होती का चर्च होतं हा वादच फुकटचा. भिंतीतच गुळगुळीत गिलावा करून काळा केलेला फळा, खिडकीच्या वरचे उंच झरोके, बोर्डिंग असेल तर भिंतीत एका रांगेत ट्रंका ठेवायचे कोनाडे नि मागं न्हाणीघराची मोरी, गोदाम असेल तर पोत्यांच्या थप्प्यांनी कमरेएवढ्या उंचीपर्यंत खरवडलेली भिंत आणि उंदरांसाठी पत्रा मारलेली दारं. सगळ्याचा फोटो, आणि फोटोत एक फूटपट्टी ठेवा.

आता माणसं. इथं बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण आपण जाऊन डायरेक्ट विचारतो, "आजी, शाळा कोणत्या साली बंद झाली?" साल कुणाच्या लक्षात राहतं? घटना विचारा. भूकंपाच्या आधी का नंतर? बहात्तरच्या दुष्काळात तिथं काय होतं? गांधीवधाची जाळपोळ झाली तेव्हा शाळा भरत होती का? सांगलीत असाल तर पुरावरून विचारा, 2005 चा, 2019 चा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, तेव्हा आत बाकं होती का पोती. एका आजीनं मला सांगितलं, "माझं लगीन दुष्काळात झालं, वऱ्हाड त्या शाळेत उतरलं व्हतं, तवा तिथं मास्तर न्हवता, पोरं न्हवती, नुसता कुबट वास येत व्हता धान्याला." एका वाक्यात साल, वापर नि मालाची कंडिशन सगळं आलं. असल्या सात-आठ आठवणी एकमेकींशी जुळल्या की ओळ पक्की, एकाच माणसाच्या सांगण्यावर पक्की नाही.

ख्रिस्ती वस्तीत जाताना आधी पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना भेटा. सरळ वस्तीत जाऊन फोटो काढायला लागलात तर लोक तुम्हाला बिल्डरचा माणूस समजतील, आणि त्यांचं चुकत नाही, मिशनच्या जागा शहराच्या मध्यात आल्यात आणि त्यावर किती जणांचा डोळा आहे ते त्यांना माहितीय. मला पहिल्यांदा गेटवरूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा वडिलांना घेऊन गेलो, तिथल्या एका रिटायर बाईंनी त्यांना ओळखलं, केंद्रशाळेत बरोबर होत्या, मग चहा आला नि ट्रंक उघडली. ट्रंकेत ग्रुप फोटो होते. ग्रुप फोटोवर पाटी असते, पाटीवर साल असतं, आणि मागं जी भिंत दिसते तिच्यावरून व्हरांडा कधी बंद केला तेही कळतं. फोटो घरी न्यायला मागू नका. तिथंच मोबाईलवर काढा, पुढचा नि मागचा पण, मागं पेन्सिलीनं नावं असतात.

चर्चची रजिस्टरं बघायला मिळाली तर सोनं. बाप्तिस्मा, लग्न, दफन. लग्नाच्या रजिस्टरात नवऱ्यामुलाचा धंदा लिहिलेला असतो, शिक्षक, अमुक शाळा, असं. म्हणजे त्या वर्षी ती शाळा त्या नावानं चालू होती. दफनभूमीत पण जा, मास्तर नि बायबल बाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका, यांच्या कबरी असतात. मिशनऱ्यांची नावं सगळीकडं छापून येतात, शाळा खरी चालवली या लोकांनी आणि त्यांचं नाव कुठं नसतं. ही माझी तक्रार आहे, असू दे.

शाळेचं जनरल रजिस्टर. याची ताकद किती असते ते साताऱ्याला कुणी सांगायला नको. राजवाड्याच्या त्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, नोंद नंबर 1914, आणि आज त्या एका ओळीमुळं तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ती मिशनची शाळा नव्हे, सरकारी, पण मुद्दा तोच, रजिस्टरात तारीख, वय, जात-धर्म, आधीची शाळा, सोडल्याचं कारण, सगळं असतं. मिशनची शाळा बंद झाली तर तिचं रजिस्टर कुठं जातं? प्राथमिक शाळा असेल तर बऱ्याचदा लोकल बोर्डाकडं गेलेली असते आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्यावर झेडपीकडं, म्हणजे जवळच्या झेडपी शाळेच्या कपाटात तळाला ते असू शकतं. शहरात असेल तर नगरपालिकेच्या शाळा मंडळाकडं. हेडमास्तरांना अर्ज द्या, रजिस्टर बाहेर न्यायचं नाही, तिथंच बसून बघायचं. मी काय केलं, "आधीची शाळा" हाच कॉलम नुसता वाचत गेलो. एका वर्षी अचानक वीस-बावीस मुली एकाच दिवशी मिशन शाळेतून आल्या. शाळा कधी बंद पडली त्याचा याहून सरळ पुरावा मला कुठं मिळाला नाही.

एक खबरदारी. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, नाहीतर शाळेच्या बोर्डावर स्थापना म्हणून जे साल असतं ते शाळेचं असतं, इमारतीचं नाही. शाळा एका वाड्यात सुरू झालेली असते, तिथून भाड्याच्या घरात, मग या इमारतीत. आणि मंडळीची, म्हणजे चर्चची स्थापना हे तिसरंच साल. तीन सालं, तीन रकाने. शंभरातल्या नव्वद लेखांमध्ये हे तीन एकत्र कालवलेले असतात आणि मग शतकमहोत्सव भलत्याच वर्षी होतो.

आता जमिनीचे कागद, आणि इथं पेशन्स लागतो. शहरात असेल तर सिटी सर्व्हे नंबर काढा आणि भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडं प्रॉपर्टी कार्डाला अर्ज करा. गावात असेल तर सातबारा, आठ-अ आणि त्याच्यावरचे सगळे फेरफार. नुसतं आजचं कार्ड घेऊ नका, अर्जात स्पष्ट लिहा की चौकशी नोंदवहीचा उतारा पण हवा, कारण सिटी सर्व्हे झाला तेव्हा ही जागा कुणाकडं कशी आली हे तिथं लिहिलेलं असतं, आजच्या कार्डावर फक्त नाव दिसतं. फेरफाराचे नंबर मागं मागं लावत जा, प्रत्येक फेरफारात कारण लिहिलेलं असतं, बक्षीसपत्र, भाडेपट्टा, नाव बदल. नगरपालिकेत घरपट्टीची जुनी असेसमेंट रजिस्टरं असतात, त्यात वापर लिहितात, शाळा, गोदाम, निवासी. आमचं गोदाम कुठल्या वर्षांत होतं ते मला घरपट्टीवरून सापडलं, कारण शाळेला माफी होती आणि गोदामाला पट्टी लागली. कर हा विषय सरकार विसरत नाही.

एका ऑफिसात मला सांगितलं जुनं रेकॉर्ड जळालं. दुसऱ्या टेबलावर सांगितलं वाळवी लागली. तिसऱ्या वेळी गेलो तर तिथल्या शिपायानं दहा मिनिटांत काढून दिलं. तेव्हा जळालं म्हटल्यावर लगेच उठू नका. नाहीच दिलं तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत पाहिजे, म्हणून इमारतीचा संपूर्ण इतिहास द्या असं लिहू नका, अमुक सर्व्हे नंबरच्या अमुक ते अमुक सालातल्या फेरफारांच्या प्रती द्या, असं लिहा. शाळेला अनुदान असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडं मागता येतं.

यानंतर जे ऑफिस कुणालाच आठवत नाही ते, धर्मादाय आयुक्त. 1950 च्या कायद्यानं चर्चचे, मिशनचे ट्रस्ट नोंदवावे लागले, आणि नोंदवताना मिळकतींची यादी द्यावी लागली. परिशिष्ट एकचा उतारा मागा, त्यात तुमची इमारत असेल तर ट्रस्टचं नाव कळलं. त्याहून भारी म्हणजे कलम 36. ट्रस्टची मिळकत विकायची असेल, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. परवानगीच्या अर्जाबरोबर व्हॅल्युएशन रिपोर्ट, नकाशा, ठराव, का द्यायचीय त्याची कारणं, सगळं जोडलेलं असतं. मिशन गेल्यानंतर इमारत कुणाच्या हातात कशी गेली याची गोष्ट बऱ्याचदा या फायलीतच असते, आणि गोष्टीतली भांडणंही. नावं बघून गोंधळू नका, अमेरिकन मिशन असं कार्डावर असतं, मग युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया येतं, मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सगळी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. इमारत विकली गेली असं नाही, छत्री बदलली.

आता मिशनचेच कागद, आणि इथं सातारा आणि सांगली एकदम वेगळे होतात. साताऱ्यात 1849 पासून जे होते ते अमेरिकन मराठी मिशन, मुंबईत 1813 ला आणि अहमदनगरला 1831 ला आलेलं, त्यांचं हेडऑफिस बोस्टनला. सांगली-मिरजेकडं आले ते प्रेस्बिटेरियन, अमेरिकनच पण वेगळ्या पंथाचे. त्यांचं मूळ कोल्हापूरला, रॉयल वाइल्डर यांनी तिथं 1852 ला काम सुरू केलं आणि 1870 ला ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं आलं. मिरजेचे डॉक्टर वानलेस हे याच मिशनचे, त्यांच्यावरूनच वानलेसवाडी. म्हणजे साताऱ्याच्या शाळेची पत्रं निघाली तर ती हार्वर्डच्या ह्यूटन लायब्ररीत आणि सांगलीच्या शाळेची फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. मी सहा महिने चुकीच्या ठिकाणी शोधत होतो कारण मला वाटलं अमेरिकन मिशन म्हणजे एकच. पाचगणीचा मामला आणखी तिसराच, तिथं अँग्लिकन आणि कॅथलिक शाळा आहेत, त्यांचे कागद त्यांच्या त्यांच्या धर्मप्रांताकडं बघायचे.

अमेरिकेला जायची गरज नाही. मिशनचे वार्षिक अहवाल छापील असायचे, त्यातले बरेच इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. फक्त शोधताना स्पेलिंग बदलून बघा, सातारा डबल टी लावून, सांगली शेवटी डबल ई लावून, वाई डब्ल्यू-ए-ई-ई, पाचगणी तर पाच प्रकारे लिहिलीय. स्कॅन जुने असतात, मशीनला एखादं अक्षर कळत नाही, म्हणून गावाचं नाव सापडलं नाही तर मिशनऱ्याच्या आडनावानं शोधा. अहवालात पैशाचा हिशोब असतो, बांधकामाला किती मागितले किती आले, तो भाग नीट वाचा. प्रार्थनेचे परिच्छेद पळवले तरी चालतं, खर्चाचे नाही. आणि हे अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असायचे हे ध्यानात ठेवा, अहवालात भव्य इमारत म्हटलं की प्रत्यक्षात चार खणांची खोली असू शकते. मराठीतून हवं असेल तर ज्ञानोदय, 1842 पासून अहमदनगरहून निघायला लागलेलं याच मिशनचं पत्र, त्यात साताऱ्याच्या शाळांच्या परीक्षा, बक्षीस समारंभ असल्या बारीक बातम्या मिळतात. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक पण आयुष्याच्या शेवटच्या दोनेक वर्षांत साताऱ्यात होते, तेव्हा तुमच्या इमारतीशी त्यांचं नाव जोडणारा कुणीतरी भेटणारच. जोडा, पण कागद बघून जोडा.

सरकारी बाजूनं बघायचं तर 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर खाजगी शाळांना, म्हणजे मिशनच्या पण, अनुदान देण्याचं धोरण आलं. त्यामुळं मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालात जिल्हावार अनुदानित शाळा सापडतात. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर 1885 चं आहे, ते बघताना एक गंमत, आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला 1949 ला आणि सांगली नाव पडलं 1960 ला. म्हणून इस्लामपूरच्या नाहीतर विट्याच्या शाळेचं काही शोधत असाल तर साताऱ्याच्याच गॅझेटियरात बघा. पण खुद्द सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, तिथं इंग्रज सरकारचं खातं नव्हे तर दरबार. जागा बऱ्याचदा दरबारानं दिलेली, ठराव दरबाराचा, संस्थानाचे स्वतःचे वार्षिक अहवाल, आणि 1948 ला संस्थानं विलीन झाल्यावर कागद पांगलेले. पुण्याचं नि कोल्हापूरचं पुराभिलेखागार दोन्हीकडं चौकशी करा, आधी पत्र टाकून विचारा म्हणजे हेलपाटा वाचतो.

जुने मराठी कागद मोडीत असतील. शिकायला तीन-चार महिने लागतात, नाहीतर मोडी जाणकाराला पानाप्रमाणे पैसे द्या, भाव आधी ठरवा. तारखेत मात्र स्वतः लक्ष घाला. शके असेल तर 78 मिळवा, फसली, म्हणजे जुनं महसुली साल असेल तर 590. शके 1812 म्हणजे 1890, फसली 1300 म्हणजे 1890-91. मी एकदा फसलीला शके समजून इमारत पाचशे वर्षं मागं नेऊन ठेवली होती, वडील आठवडाभर हसत होते.

सगळं जमलं की लिहायला बसू नका लगेच. एक मोठा कागद घ्या, डावीकडं सालं, मध्ये वापर, उजवीकडं पुरावा. ज्या वर्षाला पुरावा नाही ती जागा कोरी ठेवा. हात शिवशिवतो भरायला, कारण कोरी जागा वाईट दिसते, पण तिथंच लोक "असे म्हणतात" घालतात आणि दहा वर्षांनी ते पाठ्यपुस्तकात गेल्यासारखं खरं होऊन बसतं. आमच्या कागदावर शाळा बंद झाल्यापासून गोदाम सुरू होईपर्यंत अकरा वर्षं कोरी आहेत. प्लेगच्या आठवणी सांगणारं आता कुणी उरलं नाही, पण 1899-1900 च्या छप्पन्नाच्या दुष्काळात मिशननं अनाथ मुलं सांभाळली हे सगळीकडंच घडलं, म्हणून आमच्या इमारतीत पण घडलं असं लिहायचा मोह मला फार झाला. लिहिलं नाही. अहवालात आमच्या इमारतीचं नाव घेऊन तसं कुठं म्हटलेलं नाही.

आणि जरा सांभाळून लिहा. मिशनच्या शाळेचा विषय काढला की कुणी म्हणतं धर्मांतरासाठीच काढली होती, कुणी म्हणतं आमच्या आजीला दुसऱ्या शाळेत पाऊल ठेवू देत नव्हते तेव्हा इथं बाकावर बसवलं. दोघांचं ऐका, दोन्ही लिहा. जागेचा वाद कोर्टात असेल तर तुमचा लेख उद्या कुणीतरी वकिलाच्या फायलीत लावणार हे धरून चाला, म्हणून मालक अमुक असं तुम्ही ठरवू नका, कार्डावर काय आहे तेवढंच सांगा. रजिस्टरात ज्यांची जात लिहिलीय त्यांची नातवंडं त्याच गल्लीत राहतात, तेव्हा नावं छापायच्या आधी घरी जाऊन विचारा.

शेवटी तीन प्रती काढा, एक शाळेला नाहीतर आत जे कोण आहेत त्यांना, एक मंडळीला, एक नगरवाचनालयाला. स्कॅन पेनड्राइव्हवर पण आणि ड्राइव्हवर पण. आणि सांगलीवाल्यांनो, झेरॉक्सची फाईल तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवू नका. 2019 ला आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हा माझ्या एका मित्राकडं असलेली तिथल्या बोर्डिंगची हजेरीबुकं कपाटासकट भिजली, कपाट फुगून उघडेना, कटरनं कापलं तेव्हा आत पानांची वीट झालेली. वरच्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.